गोबीचा पाला आणि कुलपातली पोती

तिसरं पिल्लू माझ्या हातातच मेलं. जन्मून तासही झाला नव्हता. अंगावर केस जवळजवळ नव्हते. कातडी थंडगार. गळ्याच्या दोन्ही बाजूंना लिंबाएवढ्या गाठी.

"आधीचे दोन्हीबी असेच होते, म्याडम," शेवंताबाई म्हणाली.

मी गुरांची डॉक्टर. एकवीस वर्षं सौंसर भागात नोकरी करते आहे. शेवंताबाईचं गाव मोहगावच्या पुढे. तिच्या अकरा बकऱ्यांपैकी तीन व्यायल्या होत्या, तिन्ही पिल्लं गेली. आठ अजून गाभण.

दाराआड तिची सून वैशाली उभी होती. सहावा महिना चालू असलेली. मी तिला गरम पाणी आणायला सांगितलं, तर शेवंताबाईच आडवी आली.

"तिले नको बोलावू जी. पोटुशी बाई गोठ्यात जाते म्हणून पिल्लं मरून राहिले, म्हणतेत लोकं."

"कोण म्हणतं?"

"सारेच."

वैशाली खाली मान घालून आत गेली. माझं डोकं तापलं. मी विचारलं, "बकऱ्यांना चारता काय?"

"गोबीचा पाला. हिवाळाभर. वावरातून गोबी ट्रकात भरून जाते, पाला इथंच राह्यते. मंग चारतो."

"मीठ?"

"खड्याचं. त्यायलेबी तेच, आमालेबी तेच."

गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असते. खाल्लेलं शरीरानं कसं वापरायचं, अंगात ऊब कशी धरायची, हे बरंचसं तिच्या हातात. तिला आयोडीन लागतं, आणि पोटातल्या पिल्लाला ते आईकडूनच मिळतं. खड्याच्या मिठात ते नसल्यातच जमा. त्यात गोबीचा, म्हणजे कोबी-फ्लॉवरचा, पाला रोज पोटभर खाल्ला, तर आहे तेवढं आयोडीनही ग्रंथीला नीट वापरता येत नाही. ग्रंथी नुसती फुगत जाते. पिल्लू जन्मतं, पण स्वतःला गरम ठेवू शकत नाही. आचळ ओढायचंही बळ नसतं.

यात सुनेचा काय संबंध? हे मी अंगणात जमलेल्या बायांना ओरडूनच सांगितलं. डॉक्टरनं ओरडू नये, पण ओरडले.

उपाय साधा होता. पाला बंद, आणि खुराकातून मिनरल मिक्श्चर. म्हणजे आयोडीन घातलेली क्षारांची भुकटी. गाभण बकऱ्यांसाठीच आलेली तिची पोती आमच्या स्टोअरमध्ये दोन महिन्यांपासून पडून होती. वाटपाला प्रमुख पाहुणे हवे होते आणि पाहुण्यांची तारीख मिळत नव्हती.

मी तडक ऑफिसात गेले. आमचे साहेब बाहेरून बदलून आलेले, निम्मं हिंदीत बोलतात.

"मॅडम, ऊपर से तारीख आने दो."

"साहेब, पिल्लं मरून राहिली."

"तो सॅम्पल भेजो. रिपोर्ट आने दो."

"रिपोर्ट येईपर्यंत सगळ्या व्यातील."

"बॅनर छप गया है. फोटोशिवाय वाटप कसं दाखवणार? आप समझो ना."

मी समजले. आणखी एक गोष्ट समजली, आणि तिचा राग साहेबांवरच्या रागापेक्षा मोठा होता. स्टोअरची चावी माझ्याच ड्रॉवरमध्ये होती. दोन महिने रोज त्या कुलपासमोरून मी जात होते. मीही तारखेचीच वाट पाहत होते.

मी कुलूप उघडलं. रजिस्टरमध्ये लिहिलं, सही केली आणि शेवंताबाईच्या गावासाठी पाच पोती जीपमध्ये टाकून परत गेले.

भुकटी किती, कशी द्यायची ते शेवंताबाईला दाखवलं. तिनं हळूच विचारलं, "यातलं थोडकसं वैशालीले देऊ का?"

"अजिबात नाही! हे जनावरांचं. तिला पुडीतलं आयोडीनवालं मीठ द्या आणि उद्याच सौंसरच्या दवाखान्यात न्या. गळ्याच्या ग्रंथीची तपासणी करायला सांगा."

त्याच आठवड्यात दोन बकऱ्या व्यायल्या. पिल्लांच्या उघड्या कातडीला मी आयोडीन लावलं, शेकलं, चिकाचं दूध नळीनं पाजलं. एक वाचलं, एक गेलं. उरलेल्या सहा बकऱ्यांना महिनाभर तरी भुकटी मिळाली. त्यांची पिल्लं केसाळ जन्मली. उठून, धडपडत, आचळाला लागली. वैशालीच्या तपासणीतही कमतरता निघाली. तिला तिच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. पुढे मुलगी झाली, चांगली रडकी.

मला कारण बताओ नोटीस मिळाली. विनापरवानगी वाटप का केलं? मी एका ओळीत उत्तर दिलं: बकरी व्यायला तारीख मागत नाही. त्यावर माझी एक वेतनवाढ थांबली.

कार्यक्रम शेवटी उन्हाळ्यात झाला. तोवर पंचक्रोशीतल्या बहुतेक बकऱ्या व्यायल्या होत्या. शेवंताबाईला लाभार्थी म्हणून स्टेजवर बोलावलं, हातात पोतं दिलं, फोटो काढला. कोणीतरी माइक पुढे केला, "बोला, कसं वाटतं?"

"आता कायले देऊन राहिले जी?" ती म्हणाली. "माही चार पिल्लं मेले ना."

माइक लगेच काढून घेतला. फोटो मात्र छान आला. ऑफिसात लावला आहे.

गाभण जनावराला जे द्यायचं ते पिल्लू पोटात असतानाच द्या. आमच्या कार्यक्रमाची वाट पाहू नका. डॉक्टर शांत बसली असेल तर तिच्या टेबलावर हात आपटा. माझ्या टेबलावर कोणी आपटला असता, तर ती चारही जगली असती.