रेवाचा उजवा पाय

काकूंचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्याच कुणाचा तरी पाय धूत होते. सकाळचे दहा वाजले असतील. ड्रेसिंग रूममध्ये मी सहसा फोन घेत नाही, पण नाव दिसलं आणि हातमोजा काढला. काकू म्हणाल्या, "मंजू, गेली गं." एवढंच. फोन मात्र त्यांनी ठेवला नाही. मागे इंदूरच्या त्या हॉस्पिटलात कुणीतरी स्टूल सरकवल्याचा आवाज येत राहिला... पोटच्या या लेकराबद्दल, रेवाबद्दल, त्या आयुष्यभर "तो आला, तो गेला" असंच बोलत आल्या होत्या. "गेली" हे मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, आणि ते अशा दिवशी.

रेवा आणि मी उज्जैनच्या एकाच गल्लीत वाढलो. दोघींचीही घरं कधीकाळी दरबारी कारकुनीसाठी इकडे आलेल्यांची, बोलण्यात अर्धी मराठी आणि अर्धी हिंदी. शाळेत तिचं नाव वेगळं होतं. ते मी इथे लिहिणार नाही, तिला आवडलं नसतं. रेवा हे नाव तिनं तिशीच्या आसपास स्वतः ठेवलं, आणि त्याच महिन्यात तिच्या मोठ्या भावानं, म्हणजे दादानं, तिची बॅग दाराबाहेर आणून ठेवली. वडील तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. मधुमेहानं त्यांचा एक पाय गुडघ्याखालून काढला होता, आणि त्या पायाचं ड्रेसिंग रेवाच करायची. ती गेल्यावर सहा महिन्यांत ते वारले. मग काकू दादाबरोबर देवासला राहायला गेल्या. वडिलांकडून रेवाकडे काय आलं म्हणाल, तर साखर.

साडीच्या दुकानात तिला कुणी टिकू दिलं नाही. शिकवण्या घेतल्या, त्या एकेक करून सुटल्या. मग एक दिवस फ्रीगंजमधल्या तिच्या खोलीवर चहा पिताना तिनं मला फोनवर तिचं पान दाखवलं. फक्त प्रौढांसाठी असलेली एक साइट होती, आणि त्यावर फोटो सगळे पायांचे. पावलं, घोटे, बोटांत चांदीचे छल्ले, कुठे अळता, कुठे काचेच्या गोट्यांवर टेकवलेला तळवा. चेहरा कुठेही नाही. मी अवाक झाले असेन, कारण ती हसायला लागली. "काय बघून राहिली अशी? काही लोकांना पाय आवडतात, मंजू. कुणाला डोळे आवडतात, कुणाला केस, तसं. कुणाचं काय बिघडतं?" आपण ट्रान्स बाई आहोत, हे तिनं पानाच्या सुरुवातीलाच लिहून टाकलं होतं. "ज्याला नको तो तिथूनच परत जातो. भानगडच नाही." शिव्या देणारे होते, चिकटणारे होते, आणि काहीजण नुसती सणासुदीची चौकशी करणारेही होते. एकदा ती म्हणाली होती की लहानपणी आरशासमोर उभं राहिलं की मान खाली जायची आणि नजर पायांवर थांबायची, कारण तेवढेच तिला स्वतःचे वाटायचे. बाकीच्या शरीराशी रोज भांडण. पायांशी कधीच नाही. त्याच पायांवर तिनं खोलीचं भाडं भरलं, औषधं घेतली, खिडकीत दोन मोगरे लावले. चार वर्षं तिचं चांगलं चाललं होतं, असं मी म्हणेन.

वडिलांचं श्राद्ध दरवर्षी राम घाटावर व्हायचं. काकू आणि दादा देवासहून यायचे. रेवाला कुणी बोलवत नसे. ती येऊन खालच्या पायऱ्यांवर, पाण्याजवळ बसायची, आणि भटजींचं आटोपलं की उठून जायची. या वर्षीही ज्येष्ठातल्या रणरणत्या उन्हात ती तशीच बसली होती, चप्पल बाजूला काढून, पाय क्षिप्रेच्या पाण्यात सोडून. एक माणूस शेजारी आला. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, कपाळावर गंध. त्यानं वाकून तिच्या डाव्या घोट्याकडे पाहिलं. तिथे दोन तीळ शेजारीशेजारी होते. मग हात जोडून त्यानं अगदी हळू आवाजात तिच्या पानाचं नाव घेतलं. "आप ही हैं ना?" ती काही बोलायच्या आत तो खाली बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तिची पावलं धरली, कपाळ टेकवलं. आजूबाजूला शेकडो माणसं होती. पण घाटावर रोज कुणी ना कुणी कुणाच्या तरी पाया पडत असतं, कुणाला काही वावगं दिसलंच नाही. "मी ओरडले असते तर लोकांनी मलाच विचारलं असतं," ती नंतर म्हणाली. "तो इतका सभ्य होता गं... त्याचीच भीती वाटली." तिनं पाय सोडवून घेतले आणि तशीच अनवाणी वर चढत गेली, तापलेल्या दगडांवरून, थेट रिक्षापर्यंत.

तिला चटका बसल्याचं कळलंच नव्हतं. साखरेनं तळपायांच्या नसा केव्हाच बधिर झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी फरशीवर ओले डाग दिसले म्हणून तिनं पाय उलटा करून पाहिला, तर उजव्या तळव्याला अंगठ्यामागे रुपयाएवढा फोड, आणि तो फुटलेला. तिनं मला बोलावलं. मी साफ केला, पट्टी बांधली, आणि उद्याच्या उद्या डॉक्टरांना दाखव म्हटलं. त्याच संध्याकाळी तिच्या पानावर त्या माणसाचा निरोप आला. सोबत फोटो होता. पांढऱ्या चादरीवर तिच्या चपला, धुऊन पुसून, शेजारीशेजारी ठेवलेल्या. खाली लिहिलं होतं, "संभाल के रखी हैं।"

आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारानं आधी फोटो बघायला मागितले. मग त्यानं आणखी दोघांना बोलावून दाखवले. तिघांनी मिळून बराच वेळ ते बघितले. शेवटी तो म्हणाला, "पैर ही तो छुए हैं। आशीर्वाद दे देतीं।" अर्ज लिहून घेतला नाही. त्यानंतर रेवाचं बाहेर पडणंच बंद झालं. त्या माणसाला तिनं ब्लॉक केलं, तो दुसऱ्या नावानं आला. कधी लिहायचा, आज टावर चौकात एक बाई पाठमोरी दिसली, वाटलं आपणच. कधी नुसतं, "शहर छोटा है।" टावर चौक तिच्या खोलीपासून पाच मिनिटांवर. मी म्हणायचे, माझ्या हॉस्पिटलात चल, मी आहे ना. पण तिथे आधारवरचं जुनं नाव, पुरुषांचा वॉर्ड, आणि रांगेत सगळ्यांसमोर पाय उघडा करून बसायचं. "त्या रांगेत तो असला तर?" ती विचारायची.

आता जे लिहायचं आहे ते लिहिणं मला जड जातंय. मी ड्रेसिंग करणारी बाई आहे. वीस वर्षं असे पाय बघते आहे. फोडाची जखम झाली, जखमेची कड पांढरी पडली, तिसऱ्या आठवड्यात वास यायला लागला, तेव्हा मला कळत होतं. आमच्या डॉक्टरांना मी फोटो दाखवला तर ते म्हणाले, आजच्या आज भरती करा. मी रेवाला तसं सांगितलंही. पण ती नाही म्हणाली की मी पुढे रेटायचे नाही, गोळ्या आणून द्यायचे आणि रोज ड्यूटी संपली की तिच्याकडे जाऊन पट्टी बदलायचे. इतकंच नाही. पट्टी झाली की ती डावा पाय पुढे करायची आणि मी तिच्या फोननं फोटो काढायचे, उजवा उशीखाली लपवून. "बंद केलं तर सगळ्यांना शंका येईल," ती म्हणायची. मी उजेड बघायचे, कोन बघायचे. डावा पाय शेवटपर्यंत सुंदर होता. लोक वाहवा करत होते. एकाच माणसाच्या, घाटावरच्या त्या माणसाच्या, लक्षात आलं. त्यानं लिहिलं, "दाहिना क्यों छुपा रही हैं? तकलीफ़ है?" रेवानं तो निरोप मला मोठ्यानं वाचून दाखवला आणि म्हणाली, "बघ, चौकशी करणारा हाच एक निघाला." ती हसली, मी हसले नाही. मग तिनं फोन पालथा ठेवला आणि खिडकीची दुसरी कडीही लावून घेतली.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी तिला थंडी वाजून ताप चढला. अंगठा काळा पडला होता. त्या दिवशी मी विचारलं नाही. माझ्या नवऱ्यानं गाडी आणली, आम्ही दोघांनी तिला उचलून मागच्या सीटवर घातलं आणि इंदूरला निघालो. महाकालाच्या सवारीसाठी रस्ते बंद व्हायला लागले होते. एका वळणावर गाडी अर्धा तास अडकली. खिडकीबाहेरून माणसं जात होती, हजारोंनी, बायका, म्हातारे, सगळे अनवाणी. रेवा काचेला डोकं टेकून खाली बघत होती. "किती पाय आहेत गं..." ती म्हणाली. मग एकदम खाली सरकली आणि ओढणी पायांवर ओढून घेतली. "तो यांच्यातच असेल, मंजू. चल ना लवकर." गाडी हलेपर्यंत तिनं माझं मनगट सोडलं नाही.

इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पाय गुडघ्याखालून काढावा लागेल. सहीला रक्ताचं नातं हवं. मी काकूंना फोन केला. त्या एकट्याच आल्या, देवासहून बसनं. वडिलांचा पाय काढला तेव्हाही सही त्यांनीच केली होती. त्या पलंगाजवळ उभ्या राहिल्या, पण बसल्या नाहीत. मग म्हणाल्या, "घाटावर यायचीस. मला दिसायचीस दरवर्षी."

"मग हाक का नाही मारलीस, आई?"

काकूंनी पांघरूण सारखं केलं. रेवाच माझ्याकडे वळून म्हणाली, "एका पायाचेही शौकीन असतात, माहितेय? मी बघितलंय." तापानं तिचे ओठ फुटले होते आणि ती गंमत करत होती. मी म्हटलं, गप पड. ती म्हणाली, "घाबरले आहे गं. बाबांचा पाय काढल्यावर ते मला रोज म्हणायचे, अंगठा खाजवतोय, जरा खाजव. मी चादरीवर खाजवायची... माझा कोण खाजवणार?" काकू तोंड फिरवून खिडकीकडे गेल्या. पण सही त्यांनी केली. नात्याच्या रकान्यात त्यांचं पेन थांबलं, मग त्यांनी हिंदीत "माँ" असं लिहिलं. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी ठरलं, पण रक्तदाब वर येईना, विष अंगभर पसरलं होतं, म्हणून पुढे ढकललं, परत पुढे ढकललं. माझी रजा संपली म्हणून मी उज्जैनला परतले. निघताना मी तिच्या डाव्या पायाचा तळवा दाबला. तिला जाणवलं की नाही, माहीत नाही. ती गेली तेव्हा दोन्ही पाय होते.

तिचा फोन माझ्याकडे आहे. तेराव्याच्या आतच त्या माणसाचा निरोप आला, "बहुत दिन हो गए।" मी टाइप केलं की ती वारली. मग पुसून टाकलं. हे कळलं तर तो नाव शोधेल, घर शोधेल, काकूंपर्यंत जाईल, असं वाटलं. त्यामुळे त्याला अजून माहीत नाही. तो कोण, हे मलाही माहीत नाही. याच गावात राहतो, कुठेतरी नोकरी करत असेल, बायको-मुलं असतील. ड्रेसिंग रूमच्या दारात कुणी इस्त्रीच्या शर्टातला माणूस आपल्या आईला आधार देत उभा राहिला, की मी आधी त्याची नजर कुठे जाते ते बघते.

महिन्याभरानं काकू म्हणाल्या, तिची खोली बघायची आहे. दादाला न सांगता आल्या होत्या. मी कुलूप उघडलं. मोगरे वाळून गेले होते. कपाटात सगळ्यात वर भैरवगढ छापाची एक चादर होती, तांबडी, काळ्या बुट्ट्यांची, कडेनं थोडी विटलेली. पायांचे फोटो काढताना रेवा ती खिडकीखाली अंथरायची, असं मी त्यांना सांगितलं. काकूंनी ती हुंगून बघितली. मग जमिनीवर बसत म्हणाल्या, "दाखव ते फोटो." मी विचारलं, नक्की? त्यांनी हात पुढे केला. चष्मा लावून त्या एकेक फोटो बघत गेल्या, सावकाश, जुन्या अल्बमासारखे. मध्येच म्हणाल्या, "नखं किती नीट ठेवायची." पुढे एकदा, "हे छल्ले माझे आहेत. हरवले म्हणून मी मोलकरणीला बोलले होते." शेवटच्या फोटोंशी पोचल्यावर त्या थांबल्या. डावा, डावा, परत डावा. त्यांनी फोन मला परत दिला, उठून ती चादर खिडकीखाली अंथरली, तिच्यावर बसल्या आणि लुगड्याचा काठ थोडा वर सारून पाय लांब केले. टाचांना भेगा, बोटांवर काढलेल्या जोडव्यांचे फिकट वळ.

"माझे काढ," त्या म्हणाल्या.

"काकू, कशाला?"

"काढ गं. ती कशी बसायची ते सांग मला."

मी सांगितलं. पाय जरा तिरके, बोटं सैल, नजर दुसरीकडे. मी एक फोटो काढला आणि त्यांना दाखवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेऊन खूप वेळ बघितला.

"उजवा नीट दिसत नाहीये," काकू म्हणाल्या. "परत काढ."