सोमवारचं तोंड

आसगावात आमचं कापडाचं दुकान आहे. गल्ल्यावर मी बसते, त्यामुळे माझं तोंड म्हणजे गावाची सामायिक मालमत्ता. उन्हाळ्यात गालांवर साधी घामोळी आली, तेव्हा सासूबाईंनी एका नजरेत निदान केलं. नजर लागली. "दिवसभर दुकानात बसून राह्यते, लोकं पाहून राह्यले. लागन नाही त काय?"

माझ्या चेहऱ्याला कुणाची नजर लागू शकते, ही लग्नानंतर त्यांनी केलेली पहिली तारीफ. मी खूश झाले.

दर शनिवारी त्या लिंबू, मिरच्या आणि बिब्बा सुईनं दोऱ्यात ओवून दुकानाच्या दारावर टांगायच्या. आता ओवून झालं की मला समोर बसवायच्या, दोन्ही हात माझ्या गालांवरून फिरवायच्या आणि आपल्या कानशिलावर बोटं मोडायच्या. कडाकडा वाजली की समाधान. "पाय, किती नजर होती."

आणि सोमवारी माझं तोंड फुगायचं. डोळ्यांच्या फटी, गालांवर फोड, खाज तर विचारूच नका. आठवडाभरात जरा उतरलं, की पुन्हा शनिवार.

गिऱ्हाइकं साड्या कमी आणि मला जास्त बघायची. कुणी वांगी सोडायला लावली, कुणी झिंगे, कुणी टिकली. सगळ्यांना रामराम ठोकला. पवनीच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी एक फायदा झाला, ताग्यावर डोकं ठेवून दुपारी छान झोप लागायची. नवरा म्हणाला, तोंडाला पदर बांधून बस. काय डोकं चालतं माणसाचं!

मग सासूबाई बहिणीकडे कोंढ्याला राहायला गेल्या आणि माझं तोंड आपोआप गुळगुळीत झालं. म्हणजे मला सासूचीच अ‍ॅलर्जी आहे, असा मी निष्कर्ष काढला. नवऱ्याला सांगितला नाही.

त्या परतल्या. शनिवारी मला समोर बसवून हात पुढे केले आणि मला त्यांच्या बोटांवरचं काळं तेल दिसलं. बिब्ब्याचं. बिब्बा उततो, त्याचं तेल लागलं की अंगावर फोड येतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण मी तर त्याला शिवतच नव्हते, आणि सासूबाईंच्या हातावर उतायची त्याची हिंमत नव्हती. मी त्यांची मनगटं धरली आणि सांगितलं.

त्या बोटांकडे बघत राहिल्या. "म्हंजे मीच?" एवढंच म्हणाल्या.

आता दाराला बिब्बा नाही. तोंड स्वच्छ आहे, गिऱ्हाइकं मुकाट्यानं साड्या बघतात. सासूबाई मात्र, तेल अजून हातात मुरलेलं असेल या धास्तीनं, मला हात लावत नाहीत. नजर काढतात ती लांबून, हवेतल्या हवेत, डासांना हाकलावं तशी. मला वाटलं होतं सुटले. पण शनिवार आला की गाल रिकामे वाटायचे, आणि याचा मला रागच यायचा.

परवा मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. त्यांचे हात धरून गालांवर ठेवले.

"उतन न बाई," त्या हात मागे ओढत म्हणाल्या.

"उतू द्या," मी म्हटलं. "सोमवारचं सोमवारी पाहू."