उद्यापासून ब्रेक

चाकणला वायरिंगच्या कंपनीत लागले तेव्हा ब्रेक म्हणजे चहाची सुट्टी, एवढंच मला ठाऊक होतं. भोंगा झाला की लाइनवरच्या आम्ही सगळ्या मुली कँटीनकडे पळायचो. माझ्या शेजारी उभी राहणारी सोलापूरकडची मैत्रीण आधी माझ्या डब्यातलं खायची, मग स्वतःच्या.

एका दुपारी सुपरवायझर मॅडम जवळ आल्या. "तुला उद्यापासून ब्रेक आहे गं."

"किती वाजता, मॅडम?"

त्या हसल्या नाहीत. "कंत्राट संपलं तुझं. काही महिने घरी बसायचं. मग बोलावतात. बघू."

मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं, पण हात थांबवले नाहीत. लाइन पुढे सरकत होती.

गावी अण्णा एसटी चालवतात. त्यांना फोन केला, "अण्णा, मला ब्रेक दिला."

"कशाचा ब्रेक? गाडी घेतलीस व्हय?"

सगळं समजावून सांगितलं. मागून आईचा आवाज आला, "काय म्हणतीय?" अण्णा तिला म्हणाले, "सुट्टी हाय तिला." आई खूश झाली. "मग ये की घरी, माय!" पण कंपनी कधीही बोलावेल या आशेवर मी गेले नाही.

महाळुंग्याच्या खोलीत आम्ही चौघी. बाकीच्या तिघी कामावर गेल्या की मी घासलेली भांडी पुन्हा घासायची. खालचा किराणावाला रोज विचारायचा, "आज सुट्टी?" मग मी लांबच्या दुकानात जाऊ लागले. दिवसभर कोणाशी बोलणं नसल्यानं संध्याकाळी पहिला शब्द घशातच अडकायचा.

शेवटी एकदा शिफ्ट सुटायच्या वेळी गेटवर गेले. मैत्रीण धावत आली, गळ्यात पडली. "कुठं गायब झालीस गं?" तिच्यासोबत एक नवी मुलगी होती, माझ्या जागेवरची. कंपनीच्या बसनं हॉर्न दिला, तशा दोघी चढल्या. खिडकीतून मैत्रिणीनं हात हलवला. मी कोण हे माहीत नसतानाही त्या मुलीनंही हलवला.

कंपनीचा फोन आला नाही. पुढे भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये काम मिळालं. तिथं बायका आम्ही दोघीच. दुसरी पार त्या टोकाला पॅकिंग करते. मशिनच्या आवाजात एकमेकींचं बोलणं ऐकूच येत नाही.