कोरारीच्या उतारावरची मंद गोळी

तुमच्या घरची भाजी ज्या ओढ्यातून येते त्याच ओढ्याच्या काठावर हेलिकॉप्टरमधून विषाची गाजरं टाकायची असं कुणी कचेरीत बसून ठरवलं, तर तुम्ही काय कराल? अर्ज कराल?

कुइनी तोरेपेने केले. एकोणीस अर्ज केले. विसावा अर्ज तिने लिहिला आणि चुलीत घातला, कारण तोवर तिला कळलं होतं की कचेरीत कागद वाचतात ते फक्त कागद संपलेत का हे बघायला. मग तिने बंदूक काढली. गैरसमज नको. माणसांसाठी नाही, सशांसाठी.

ओटागो प्रांताच्या कोरड्या भागातली कोरारी टेकडी तिच्या मराएची, म्हणजे कुळाच्या सभाघराची. त्या मराएच्या स्वयंपाकघरात मयताला चारशे माणसं जेवतात, आणि त्या जेवणातली वाम आणि तिखट पालेभाजी खालच्या ओढ्यातून येते. टेकडी सशांनी पोखरली होती, हे खोटं नाही. जमीन सोलून काढावी तशी उघडी पडली होती. कचेरीचं म्हणणं, विष हाच उपाय. अकरा वर्षांपूर्वी शेजारच्या उतारावर हाच उपाय झाला, तेव्हा कुइनीच्या कुत्र्याने एक मेलेला ससा चघळला. तासभर ते कुत्रं कुंपणाच्या तारांवर धडका घेत किंचाळत होतं. कुइनीने स्वतःच्या हाताने ते संपवलं. तेव्हापासून तिच्यासमोर कुणी ‘उपाय’ हा शब्द काढला की तिचा चेहरा बघण्यासारखा होतो.

कचेरीचा मोजणीदार फर्गस रँकिन. लाल कानांचा, मोजकं बोलणारा, पण पायी चालणारा माणूस. तेवढ्यासाठी कुइनी त्याला शिव्या जरा कमी देई. मे महिन्यात त्याने पहाटे ठरलेली वाट चालून एकाहत्तर ससे मोजले होते. त्याने सांगितलं, जुलैच्या दुसऱ्या शुक्रवारी मी पुन्हा चालेन. दहा किंवा दहाच्या आत दिसले तर विष नाही. अकरा दिसले तर माझ्या हातात काही नाही.

सहा आठवडे कुइनी त्या उतारावर पोटावर पडून होती. अठ्ठावन्न वर्षांची बाई, गुडघे कामातून गेलेले. सात वर्षांची असताना बापाच्या सापळ्यात उजव्या हाताची तीन बोटं गेलेली. उरली अंगठा आणि तर्जनी. दर गोळीला बोल्ट हाताने ओढायची बंदूक या हाताला जमत नाही. म्हणून तिची छोटी बंदूक आपली आपण भरणारी. गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने बोल्ट मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि येताना नवं काडतूस आत ढकलतो. दोन बोटांच्या बाईला देवाने दिलेला तिसरा हातच तो.

आणि काडतुसं मंद. याचं कारण तिच्या बापाने तिला चालता येण्याआधी शिकवलं असेल. तेज गोळी आवाजाच्या पुढे धावते आणि हवेत चाबूक वाजल्यासारखी फुटते. सायलेन्सर बंदुकीचं तोंड दाबतो, गोळीचं नाही. तो चाबूक एकदा ऐकला की ससा शहाणा होतो. बिळात जातो तो जातोच, आणि पोरांनाही शहाणं करतो. मंद गोळीचा आवाज म्हणजे उशीवर काठी मारावी तसा. एक ससा आडवा होतो, शेजारचा कान हलवतो आणि पुन्हा गवताला लागतो.

पण मंद गोळीच्या अंगात जीव थोडा. बोल्ट जेमतेम मागे जाईल एवढाच तिचा धक्का. वाटेत जरा काजळी, जरा चिकटपणा, जरा गारठा आला की बोल्ट अर्ध्यातून परत फिरतो आणि रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या दारात उभी अडकते. म्हणून कुइनीचा धाकटा भाऊ एरुएरा, जो गॅरेजमध्ये काम करतो आणि स्वतःला सगळ्या यंत्रांचा डॉक्टर समजतो, दर आठवड्याला तिची बंदूक पुसून कोरडी करून द्यायचा आणि बजावायचा, हिला काही लावू नकोस. कोरडी ठेव.

गुरुवार हा शेवटचा दिवस. कुइनीच्या हिशेबाने उतारावर पंचवीस ससे उरले होते. पंधरा मारायचे. बरी सकाळ असली तर दोन तासांचं काम.

बुधवारी संध्याकाळी ती पिपी मावशीच्या स्वयंपाकघरात बंदूक घेऊन बसली. मावशी मराएवरच्या शनिवारच्या जेवणाची तयारी करत होती. दक्षिणेच्या बेटांवरून आलेली तीती पक्ष्यांची बादली उघडी होती, आपल्याच चरबीत मुरलेले पक्षी, वर बोटभर पांढरा थर. कुइनीचा बाप मोठ्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी सापळ्यांना आणि आपल्या जुन्या बंदुकीला हीच चरबी लावायचा. गंज धरत नाही म्हणायचा, आणि पूर्वज बरोबर येतात म्हणायचा. मावशीने विचारलंही, एरू काय म्हणेल? कुइनी म्हणाली, एरू जन्मला तेव्हा मी शंभर ससे सोलले होते.

तिने चरबी दोन बोटांनी बोल्टला चोळली. चुलीपाशी बोल्ट मागेपुढे करून पाहिला. रेशमासारखा सरकला. मावशीने प्रार्थना पुटपुटली. सगळं कसं छान झालं.

बापाची बंदूक हाताने ओढायची होती. तिच्यात चरबी गोठली तर ओढायला बापाचा दंड होता. कुइनीच्या बंदुकीत फक्त मंद गोळीचा धक्का होता. ही एवढी गोष्ट त्या संध्याकाळी तिच्या डोक्यात आली नाही.

गुरुवारी पहाटे शून्याखाली सात. गवत पायाखाली काचेसारखं मोडत होतं. भावाबहिणीने खडकाआड जागा धरली. उजाडलं तसे ससे दिसू लागले. एकट्या खालच्या टप्प्यावर एकोणीस, निवांत. कुइनीने पहिला टिपला. उशीवर काठी. बाकीच्यांनी कान हलवले आणि चरत राहिले. तिने दुसऱ्यावर नेम धरून घोडा दाबला. काहीच झालं नाही.

पुंगळी दारात उभी होती. तिने तर्जनीच्या नखाने ती उपटली, बोल्ट ओढला. बोल्ट चिखलातून यावा तसा आला. बार. ससा पडला. पुन्हा पुंगळी उभी. प्रत्येक वेळी तेच. बर्फासारख्या लोखंडावर दोन बोटं, नखाखाली रक्त, आणि तो बोल्ट हाताने परत ढकलायचा. तासाभरात चार ससे. सूर्य कड्यावर आला होता. ऊन उतारावर पोचलं की ससे बिळात जातात, हे तिला घड्याळापेक्षा पक्कं माहीत होतं.

एरुएराने बंदूक हातात घेतली, नाकाशी नेली.

“ताई, हिला तीतीचा वास येतोय.”

कुइनीने नखाखालचं रक्त सदऱ्याला पुसलं.

“बंदुकीला जेवायला घातलंस तू? मी सहा आठवडे सांगतोय कोरडी ठेव, कोरडी ठेव. मेणबत्ती झालीय आत.”

“बाबा लावायचे.”

“बाबांची बंदूक बाबांसारखी होती, लाथ मारून चालणारी. ही तुझ्यासारखी आहे. जरा काही झालं की अडून बसते.”

मग त्याने खिशातून एक छोटा डबा काढून दगडावर ठेवला. तेज काडतुसं. ही चरबीबिरबी काही बघणार नाहीत, म्हणाला, बोल्टला गचांडी धरून मागे नेतील. आणखी अकरा मिळाले तर मिळाले. नाही मिळाले तरी पहिल्या बारालाच सगळे बिळात जातील आणि उद्या दिवसभर वर येणार नाहीत. मग फर्गसला काय दिसेल? दगड दिसतील. दगड मोजेल आणि घरी जाईल.

इथे थांबून कुइनीची अवस्था लक्षात घ्या. समोर पंधरा ससे. मागे ओढा. सहा आठवडे, एकोणीस अर्ज, एक मेलेलं कुत्रं. आणि हाताशी एक डबा, जो तिला उद्या नक्की जिंकवणार. तिने डबा उचलला. एक काडतूस आत घातलं. बोल्ट खाडकन बसला. तिने नेम धरला आणि धरून राहिली.

पलीकडे जुना कासवकडा दिसत होता. तिच्या बापाच्या तरुणपणी तिथे अधीर लोकांनी तेज गोळ्या वाजवल्या होत्या. ससे शहाणे झाले, दिसेनासे झाले, सगळे खूश झाले. दोन वर्षांनी कडा पुन्हा भरला, आणि त्या सशांना ना बंदूक टिपू शकली ना सापळा. तेव्हा विषच आलं. एकदा नाही, दर तीन वर्षांनी. तिथला झरा आज कुणी पीत नाही.

तिने काडतूस बाहेर काढलं. डबा एरुएराच्या अंगावर फेकला.

“उद्याचं जिंकून परवाचं घालवायचं असेल तर तू एकटा बस इथे.”

“मग काय करणार आहेस? रडणार?”

“तुझा चहा दे.”

त्याला आधी कळलंच नाही. तिने थर्मास हिसकावला, बोल्ट मागे धरला आणि वाफाळता गोड चहा बंदुकीच्या दारात ओतला. चरबी विरघळून पिवळ्या ओघळांनी दगडावर आली. तिने सदऱ्याचं टोक आत खुपसून फिरवलं, बोल्ट दोनदा सरकवला. मंद काडतुसं भरली.

एक. पुंगळी उडाली. दोन. उडाली. तिसरी, चौथी. बंदूक पहिल्यासारखी श्वास घेत होती. एरुएरा मागे पडून बोटांवर मोजत होता. आठ ससे आडवे झाले. नवव्याला बोल्ट पुन्हा अर्ध्यात थांबला. आत राहिलेला चहा गोठला होता. थर्मास रिकामा होता. कुइनी दोन बोटांनी त्या लोखंडाशी झटत राहिली, ऊन उतारावर आलं, आणि उरलेले ससे एकेक करून बिळात गेले.

चार आणि आठ बारा. पंचवीसातून बारा. तिला शाळा नव्हती, पण एवढं येत होतं. ती खडकाला पाठ लावून बसली आणि तोंडावर हात घेतला. हाताला तीतीचा, चहाचा आणि रक्ताचा वास होता.

शुक्रवारी फर्गस ठरलेली वाट चालला. कुइनी शंभर पावलं मागून. त्याने वहीत तेरा लिहिले आणि वही तिच्यासमोर धरली. लपवलं नाही, हे त्याचं मान्य करायला हवं. मग त्याने वाकून खडकाखालची एक पुंगळी उचलली, तळ पाहिला.

“मंद,” तो म्हणाला. “काल तेज वाजवली असतीस तर आज मला तीनसुद्धा दिसले नसते.”

“माहीत आहे.”

“मग?”

“तुला फसवून काय करू? तू निवृत्त होऊन घरी जाशील. ससे कुठे जाणार?”

फर्गसने पुंगळी बोटांत फिरवली. कागद बदलता येत नाही, तो म्हणाला. सोमवारी हेलिकॉप्टर येईल. पण पहिली गाजरं साधी असतात, विष नसलेली. सशांना चटक लागावी म्हणून. विषाची येतात पंधरा दिवसांनी. आणि त्याच्या आदल्या पहाटे आणखी एक मोजणी करायची असं नियमात आहे. त्यात दहा किंवा दहाच्या आत दिसले तर विष रद्द. ती मोजणी कुणी करत नाही. मी करेन.

एवढं बोलून तो उतरून गेला. पुंगळी खिशात घालून.

कुइनीने घरी येऊन बंदूक खोलली. रॉकेलने धुतली, पुसली, पुन्हा पुसली. मावशीने बादलीचं झाकण घट्ट लावलं आणि त्यावर स्वतः बसली. हे हसण्यासारखं होतं, पण कुणी हसलं नाही. सोमवारी गाजरं पडली. मंगळवारी पहाटे ससे गाजरांच्या ओळीवर आले, बेसावध, जितके उरले होते तितके. कुइनी खडकाआड होती. तिला पंधरा दिवस आहेत. गारठा रोजचा आहे, बोटं दोन आहेत, आणि बोल्ट मागे जाईल की नाही हे दर गोळीला नव्याने कळतं. जमेल असं ती म्हणत नाही. विचारलं तर अंगावर येते.

तेव्हा तुम्हाला एकच मागणं. या पंधरा दिवसांत कोरारीच्या रस्त्याने जायची वेळ आली तर फाटकाच्या अलीकडे गाडी बंद करा आणि उतार संपेपर्यंत पायी चला. दार आपटू नका, कुत्रं सोडू नका, हाक मारू नका. ससे अजून घाबरलेले नाहीत. त्यांना घाबरवू नका.