पालथ्या पातेल्यातलं जग

शनिवारी दुपारी आम्ही पाच जण एक खेळ खेळायचो. एक जण एका काल्पनिक जगाची गोष्ट सांगत जातो, बाकीचे त्या जगातली माणसं होतात, आणि अडलं तिथं वीस बाजूंचा फासा टाकून जमलं की फसलं ते ठरतं. मी बी.एससी.च्या पहिल्या वर्षाला असताना लॅबमधल्या माझ्या पार्टनरनं मला तिथं नेलं. तिच्या घरी, अलकापुरीत, आठ माणसं बसतील एवढं जेवणाचं टेबल होतं, म्हणून खेळ तिथं असायचा. गोष्ट सांगायची आमची सीनिअर, जिला सगळे दीदी म्हणायचे. चौथा सावली या गावाहून बसनं येणारा एक मुलगा, आणि पाचवा इंग्रजी साहित्य शिकणारा, ज्यानं परदेशी देवदेवतांची पुस्तकं इतकी वाचली होती, की दीदीसुद्धा अडली की त्याच्याकडे बघायची.

माझं पात्र ढाल घेऊन लढणारं होतं. लढाईत मी दारात उभी राहायचे आणि मार खायचे. दीदी विचारायची, "ढालवाली काय करते?" मी म्हणायचे, "उभी राहते."

सावलीवाला म्हणायचा, "अरे, ही तर आपल्या सोसायटीची वॉचमन!" सगळे हसायचे, मीही. टेबलावर गुजराती, हिंदी आणि इंग्रजी इतक्या भराभर बोललं जायचं, की माझं वाक्य मनात जुळेपर्यंत लढाई संपलेली असायची. माझ्या घरात कॉलेजला गेलेली मीच पहिली. अशा टेबलापाशी कसं बसायचं, हे मला विचारायलाही कोणी नव्हतं.

मग दीदीला पुण्याला नोकरी लागली. तिनं फासे पिशवीत भरता भरता सांगितलं, "मी गेल्यावर हे बंद पडलं तर मला वाईट वाटेल. पण माझं जग माझ्याबरोबर जाणार. ज्याला पुढे चालवायचंय त्यानं स्वतःचं आणायचं. पुढच्या शनिवारी फक्त एवढंच सांगा, की ते जग झालं कसं. ज्याच्या जगात बाकीच्यांना खेळावंसं वाटेल, तो चालवेल."

साहित्यवाल्यानं हात वर केला. तो करणारच होता. मग मी केला, पण अर्धाच. कोपर टेबलावरच राहिलं होतं. दीदीला ते दिसलं. ती म्हणाली, "दोघं झाले."

घरी येताना मी स्वतःलाच विचारत होते: का केला हात वर? खरं सांगायचं तर एक वर्ष दारात उभं राहून मला कंटाळा आला होता. आणि मला गोष्टी सुचायच्या. मार खाता खाता मी मनात दीदीची गोष्ट पुढे नेत असायचे, कधीकधी तिच्यापेक्षा बरी. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. या वेळी सांगितलं नाही तर कधीच सांगणार नाही, एवढं कळत होतं.

पहिले तीन दिवस मी जे लिहिलं ते आता वाचवत नाही. आधी काहीच नव्हतं, फक्त अंधार होता. अंधारातून नऊ देव आले. प्रत्येकाचं परदेशी वाटणारं नाव असं, की अक्षरांच्या मध्ये स्वल्पविराम टांगलेला. त्यांची युद्धं झाली, रक्ताचे समुद्र झाले. मी ते आरशासमोर मोठ्यानं वाचून पाहिलं, तर तिसऱ्या देवाचं नाव मलाच म्हणता येईना. तो अंधार मी कुठून आणला होता? साहित्यवाल्याकडूनच, ऐकून ऐकून. त्याच्याच मालावर त्याच्याशी स्पर्धा करायला निघाले होते.

बुधवारी कॉलेज लवकर सुटलं, म्हणून आईनं पप्पांचा डबा माझ्याकडे दिला. पप्पा वाडी भागातल्या आमच्या दुकानात भांड्यांना कल्हई करतात. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते असं घरात सांगतात. आजोबांनी मात्र गल्लीतल्या एका म्हाताऱ्या उस्तादांकडे हे काम शिकून घेतलं, आणि तेच पप्पांकडे आलं. घरोघरची पितळेची भांडी आता कमी झालीत, पण लग्नाच्या जेवणावळी करणाऱ्यांची मोठी पातेली येतात. त्या दिवशी असंच एक आलं होतं, मी आत बसले तर दिसणार नाही एवढं. पप्पा आत उभे होते. पायाखाली वाळू घेऊन, कडेला धरून, कमरेतून डावीकडे-उजवीकडे वळत ते तळ घासत होते. लहानपणी आम्ही याला पप्पांचा नाच म्हणायचो.

मग त्यांनी पातेलं भट्टीवर घेतलं. तापल्यावर नवसागराची पूड टाकली, पांढरा धूर उठला, कथलाची पट्टी टेकवली आणि कापसाच्या बोळ्यानं ते वितळलेलं कथील एका दमात फिरवलं. काळपट पितळ पांढरंशुभ्र झालं. हे मी हजारदा पाहिलंय. लॅबमध्ये अमोनिअम क्लोराईड तापवलं तेव्हा तो धूर मी बाकीच्यांच्या आधी ओळखला होता, आणि गप्प बसले होते. पण त्या दुपारी पप्पांनी पातेलं निथळायला पालथं घालताना मी वाकून आत पाहिलं. वर घुमट, आणि सगळीकडून उजेड. मला वाटलं, आकाश.

दुकानाच्या पायरीवर बसूनच मी लिहायला घेतलं. देवानं आकाशाचं पातेलं घडवलं, कथील लावलं, मग तापवलं...

संध्याकाळी जेवताना मी ते आई-पप्पांना वाचून दाखवलं. का, ते सांगता येत नाही. बहुतेक शनिवारच्या आधी कोणाला तरी मोठ्यानं सांगून बघायचं होतं. पप्पा घास हातात धरून ऐकत होते. वाचून झालं तेव्हा म्हणाले, "हा तुझा देव शिकाऊ आहे का?"

"का?"

"कथील लावलं आणि मग तापवलं, लिहिलंयस. चिकटेल का ते? आधी घासायचं, मग तापवायचं, मग नवसागर, आणि मग कथील. एवढी वर्षं बघतेस."

मी खोडून नीट केलं. आई हसायला लागली. पण पप्पा हसत नव्हते. गिऱ्हाइकानं मोठं काम आणलं की ते ज्या नजरेनं भांड्याकडे बघतात, तसे माझ्या वहीकडे बघत होते.

"कल्हई आतून असते," ते म्हणाले. "म्हणजे तो आत उभा होता. बरोबर?"

"हो."

"आणि मग पातेलं पालथं पडलं, म्हणून आकाश झालं. पालथं कोणी घातलं? आत उभा आहे त्याला ते घालता येत नाही."

मी म्हटलं, "देव आहे ना पप्पा, तो काहीही करू शकतो."

"काहीही करू शकतो तर कल्हई कशाला करतोय?"

आई म्हणाली, "आणि भाता कोण मारतंय? एवढं मोठं भांडं तापवायचं म्हणजे एकट्याचं काम नाही. मी मारलाय बारा वर्षं, मला विचारा."

ते खरं होतं. आता दुकानात विजेचा पंखा आहे, पण त्याआधी भाता आईचा होता. मोठ्या पातेल्याच्या आत डोकं घातलेल्या माणसाला बाहेरचं ऐकू येत नाही, म्हणून त्यांची एक खूण ठरलेली होती: काम झालं की पप्पा सांडशीनं पातेल्यावर तीनदा वाजवायचे. मग आई भाता सोडायची आणि उतरवून पालथं घालायला हात लावायची. पंख्याला काही ऐकू येत नाही, तरी पप्पा अजून तीनदा वाजवतात आणि मग स्वतःच उठून बटण बंद करतात.

"एकदा काय केलं यांनी," आई मला सांगू लागली, "तीनदा वाजवलं, आणि मग यांना आत एक डाग राहिलेला दिसला. मला सांगायचं सोडून परत आत वाकले. मी आपली खूण ऐकली, पातेलं फिरवलं! खांद्यापर्यंत आत हे."

"तू बघायचं होतंस ना," पप्पा म्हणाले.

"मी बघायचं? वाजवायच्या आधी तुम्ही बघायचं होतं! वाजवलं म्हणजे झालं. हाच धंद्याचा नियम आहे की नाही?"

"आहे," पप्पा म्हणाले, आणि घास तोंडात टाकला.

मी तोवर लिहायला लागले होते.

शनिवारी साहित्यवाला आधी बोलला. त्याचं जग चांगलं होतं. मी मत्सरानं ऐकायला बसले होते तरी मला ते मान्य करावं लागलं. त्यानं नकाशा छापून आणला होता, देवांची चार पिढ्यांची वंशावळ होती, कोणी कोणाला शाप दिला ते सगळं पक्कं. दीदीनं टाळ्या वाजवल्या. सावलीवाला म्हणाला, "यार, याची परीक्षा तर नाही ना होणार?"

मग मी. सुरुवात इंग्रजीत पाठ केली होती. दोन वाक्यांनंतर 'कल्हई'ला शब्द सापडेना आणि मी थांबले. लॅबवाली मैत्रीण हळूच म्हणाली, "जसं येतं तसं बोल ने." मी वही मिटली आणि आम्ही बोलतो त्या खिचडीत बोलायला लागले.

आधी एक काळं पातेलं होतं, मी सांगितलं, आणि दोन माणसं. नवरा आत, बायको बाहेर भात्यावर. तो आत उभा राहून पायानं तळ घासत नाचला. त्याच्या पायाखालची जी वाळू झटकली गेली, ती जमीन. जिथं टाच जास्त रुतली त्या दऱ्या. नवसागराचा धूर निघाला, ते ढग. मग त्यानं कथील फिरवलं आणि उजेड झाला. त्यानं तीनदा वाजवलं. जगातला पहिला आवाज तो. आणि वाजवल्यावर त्याला वरच्या कडेजवळ एक डाग राहिलेला दिसला. तो परत वाकला. बाहेर तिनं खूण ऐकली होती. तिनं पातेलं पालथं घातलं, जमिनीसकट आणि त्याच्यासकट.

"तो आतच आहे?" दीदीनं विचारलं.

"आतच. आपल्यात. आता म्हातारा झालाय आणि बहुतेक विसरलाय. ती बाहेर त्याला शोधतेय, भाता मारत. वारा तो."

हे यांना पटलं नसणार असं वाटून मी घाईनं पुढचं सांगून टाकलं: तो डाग वाढत चाललाय. त्याच्याखालच्या गावांत पावसाचं पाणी कळकतं, म्हणजे कल्हई गेलेल्या भांड्यात ताक ठेवलं की कसं होतं, तसं, पिणाऱ्याला मळमळतं. कोणीतरी तिथं पोचून डाग भरायला हवा.

"शुं वात करे छे, काय सांगतेस!" सावलीवाला खुर्चीत पुढे सरकला. "मग आपण आकाशावर तीनदा वाजवलं तर? तिला ऐकू जाईल. ती उचलेल पातेलं."

"आणि आपण सगळे सांडू," मैत्रीण म्हणाली.

"पण म्हातारा सुटेल ना! बिचारी बाहेर एवढी वाट बघतेय!"

"म्हणून सगळ्या जगाला सांडायचं?"

त्यांचं जुंपलं. दीदी सावलीवाल्याच्या बाजूनं, मैत्रीण विरुद्ध. दीदीनं मध्येच मला विचारलं, "हे कुठून आणलंस तू?" मी आतापर्यंत तिथं एवढंच सांगितलं होतं, की आमचं भांड्यांचं दुकान आहे. मी म्हटलं, "माझे पप्पा कल्हई करतात. वाडीत. चुका त्यांनी काढल्या. आणि पालथं घालायचं आईकडून आलं." बोलताना आवाज थोडा जास्तच मोठा आला. कोणी हसलं नाही. सावलीवाला म्हणाला, "म्हणजे त्यांना विचारता येईल? मस्त."

हे लिहिताना मला संकोच वाटतो, पण खरं तेच लिहायचं तर लिहिते: त्या क्षणी मला जितका अभिमान वाटला तितका बारावीचा निकाल लागला तेव्हाही नव्हता. निकाल मी एकटीनं अभ्यास करून आणला होता. या टेबलावर मी माझ्या घरातलं काहीतरी ठेवलं होतं, आणि तीन हुशार माणसं त्यावरून भांडत होती.

कोण चालवणार, हे कोणी मोठ्यानं ठरवलं नाही. मत द्यायची वेळच आली नाही. मी साहित्यवाल्याकडे बघायचं टाळत होते, कारण त्यानं खूप मेहनत केली होती आणि त्याचा नकाशा अजून टेबलाच्या मधोमध पडला होता. मग त्यानं हात लांब करून नकाशा ओढून घेतला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर डाग भरायच्या सामानाची यादी पेननं लिहायला घेतली. एक, भट्टी. दोन, नवसागर. तीन, कथील.

"चौथं," तो मला म्हणाला, "फिरवायला काय लागतं? चिंधी चालेल?"

"कापूस," मी म्हटलं. "चिंधी जळते."

त्यानं लिहून घेतलं.