पांगाऱ्याच्या खुंट्या

खुंटी जमिनीत बसली की तो तिच्या बुडाशी टाच रोवायचा, चहूबाजूंनी माती दाबून घ्यायचा आणि म्हणायचा, "आता जीव धरला पायजे." मोजणीच्या खुंटीनं जीव कशाला धरायचा, हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच पडला नाही. काम करणाऱ्याच्या तोंडात काहीतरी असतंच, हे तुम्हीही पाहिलं असेल. कुणी देवाचं नाव घेतो, कुणी बैलाला शिवी देतो. हा एवढं म्हणायचा.

मी तेव्हा आगगाडीच्या मोजणीवर कारकून होतो, पुण्याकडून अकोल्याला नवाच आलेलो. साहेब दुर्बिणीतून बघायचा, पुढे निशाणं उभी राहायची, साखळी ओढली जायची आणि मी आकडे उतरवायचो. असा आमचा तांडा मोर्णा नदी ओलांडून मूर्तिजापूरच्या रोखानं चालला होता. दिवस कापसाचे होते. विलायतेला दुसरीकडचा माल मिळेनासा झाला आणि वऱ्हाडातल्या बोंडाला असा भाव चढला, की लोकांनी तुळशीवृंदावन तेवढं सोडून बाकी सगळीकडे सरकी पेरली. जो तो वेचणीला नाहीतर गाडीवर. साखळी धरायला माणूस मिळेल तर शपथ.

अशात हा आपल्या पायानं आला. वय चाळिशीचं, उंच, पाठीत जरासा वाकलेला, कमरेला पानाची चंची. घराणं पानमळ्याचं. थोरला भाऊ वारलेला, मळा वहिनी आणि हा मिळून बघत. काम कशाला हवंय असं मी विचारलं, तर म्हणाला की आगगाडी येणार येणार म्हणतात, ती पहिल्यापासून पाहावी अशी इच्छा आहे. सगळा गाव त्याच्या मागे लागला होता, की मळा मोड आणि कापूस लाव. त्याचं उत्तर ठरलेलं असे. "कापूस वर्षाचा पाहुना हाय, पंत. पानवेल घरची सून हाय."

साहेबानं त्याला खुंट्यांच्या कामावर घातलं. इतर ठिकाणी खुंट्या वाळक्या बाभळीच्या असत आणि त्या घणानं ठोकत. हा पांगाऱ्याच्या ओल्या फांद्यांच्या आणी, कारण पानवेल पांगाऱ्यावरच चढवतात आणि मळ्यात छाटणी चालूच होती. ठोकणं त्याला जमेना. पहारीनं भोक पाडून त्यात तो खुंटी हलकेच सोडायचा. एकदा मी घाईत शेंड्याकडचं टोक खाली करून दिली, तर त्यानं निमूट फिरवून घेतली. "उलटी कोनी लावते काय, पंत?" असं विचारताना त्याला माझी खरोखर काळजी वाटलेली दिसली. पुण्याकडच्या शिक्षणाबद्दल त्याचं मत तेव्हाच बनलं असावं.

मूर्तिजापूरच्या अलीकडे साहेबानं दोन रेघा आखून पाहिल्या, एक वरची, एक खालची. वरची रेघ नेमकी याच्या पानमळ्यातून जात होती. तीच पसंत पडली असती तर आसपासचा उरलेला तो एकच मळा भरावाखाली गेला असता. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी मळ्यातल्या खुंट्याही त्यानं स्वतःच लावल्या, तशाच टाच रोवून. त्या दिवशी पान मात्र खाल्लं नाही.

पावसाळ्यात मोजणी थांबली. साहेब चिखलदऱ्याला हवा खायला गेला आणि आम्ही अकोल्याला पडून राहिलो. उघडीप झाल्यावर परत आलो तर आमच्या रेघा हिरव्या झालेल्या. बऱ्याच खुंट्या बकऱ्यांनी नाहीतर वाळवीनं संपवल्या होत्या, पण उरलेल्यांना हातहातभर फांद्या फुटल्या होत्या. साहेबानं टोपी काढली, डोकं पुसलं आणि टोपी परत घातली. एवढ्या नोकरीत त्याच्या खुंट्यांना पालवी कधी फुटली नसावी. आम्ही हसून हसून बेजार झालो. हा मात्र एकेका खुंटीजवळ जाऊन पानं उलटी करून बघत होता, कीड नाही ना म्हणून.

हसू मळ्यापाशी थांबलं. आत पांगारेच पांगारे, सगळ्यांना पानं, सगळ्यांवर वेल. आमच्या खुंट्या कोणत्या आणि मळ्याच्या कोणत्या, काही समजेना. वहिनीनं आमच्याही खुंट्यांवर वेल चढवले होते, आणि ते काही चुकून नव्हतं, हे तिच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं. आमचा मुकादम उघड म्हणाला, की मळा वाचवायला या माणसानं पहिल्यापासून हा डाव रचला. साहेबालाही ते पटल्यासारखं दिसलं.

याचा चेहरा उतरला. मळा जाण्याच्या भीतीनंही तो असा उतरलेला मी पाहिला नव्हता. आधी त्यानं साहेबाला एवढंच सांगितलं, की पानमळ्यात पायताण घालून कुणी जात नाही. मला वाटलं आता संपलं. पण साहेब बांधावर बसला आणि त्यानं बूट ओढून काढले. ते पांढरेधोप पाय चिखलात पडताना पाहून वहिनीलाही पदर तोंडाशी न्यावा लागला.

मग तो आत शिरला. एका पांगाऱ्यावर हात ठेवून म्हणाला, "ही माही." वेलाची गाठ सोडली, वेल शेजारच्या पांगाऱ्याला बांधला, आणि पुढे. "ही बी माही." एकेक करत त्यानं आमची सगळी रेघ उभी करून दिली.

वहिनी मध्ये आडवी आली. "भाऊजी, गप राह्यले असते तं काय झालं असतं?"

"म्या लावल्या, वयनी. माह्या नाही कसं म्हनू?"

ती मळ्याबाहेर निघून गेली. कित्येक दिवस ती याच्याशी बोलली नाही. हा आमच्यातच जेवायचा आणि भाकरी चांगली झाली असं आमच्या स्वयंपाकाच्या भटजीला उगाच सांगायचा.

पुढे साहेबानं खालची रेघ धरली. वरच्या रेघेला नाला दोनदा ओलांडावा लागत होता, एवढंच कारण. बातमी कळली त्या संध्याकाळी वहिनीनं टोपलीभर पानं पाठवली आणि सोबत निरोप, की भाऊजींनी आता घरी जेवायला यावं. तो इतका भराभर गेला की चंची विसरला.

वरच्या रेघेच्या खुंट्या काढून आणायचं काम त्यालाच दिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं पोतं आणून टाकलं, तर त्यात सगळी वाळकी लाकडं. बाकीच्यांचं काय, म्हणून मी विचारलं.

"त्यायनं जीव धरला ना, पंत," तो म्हणाला. "मले नाही उपटवत."

साहेबानं पोत्यात डोकावून पाहिलं, टोपी डोळ्यांवर ओढली आणि दुर्बीण उचलायला सांगितली. आम्ही बडनेऱ्याकडे सरकलो. तो मळ्यातच राहिला.

बऱ्याच वर्षांनी, होळीच्या सुमारास, अमरावतीला निघालो होतो. मूर्तिजापूरच्या आधीच्या ठेसनावर एक तरुण बाई पानं विकत होती. तिला याच्याबद्दल विचारलं. "ते गेले मांगच्या साली," ती म्हणाली. "मळा हाय. वयनीबाई पायतात अजून."

पान तोंडात टाकलं, पण चावायचं सुचेना. गाडी निघाली. डाव्या हाताला काळ्या रानातून पांगाऱ्यांची एक ओळ गेलेली दिसली. मधे मधे तुटलेली, कुठे बुंध्याला बैल बांधलेले, एकाला कुणी शेंदूरही फासलेला. पण ओळ अशी सरळ, की मागे दुर्बीण लावून कुणीतरी उभं असावं. पानं झडून सगळी झाडं तांबडीलाल झाली होती. लोकांना ती बांधावरची झाडं वाटत असतील. मी खिडकीबाहेर मान काढून ती मळ्यापाशी पोचेपर्यंत बघत राहिलो, आणि मला फार बरं वाटलं.

आमची गाडी खालच्या रेघेवरून गेली. वरची रेघ फुलली होती.