वऱ्हाडामागची रिकामी बस

एकाच वाटेवर भरवसा ठेवणारा माणूस, मग तो कितीही शिकलेला असो, सक्करदऱ्यातल्या आमच्या शेजाऱ्यांच्या लेखी अडाणीच होता. ते टेलिफोन खात्यात इंजिनिअर होते. ट्रंक लाइनीचा एक मार्ग बंद पडला की त्यांचं यंत्र चालू संभाषण आपणहून दुसऱ्या मार्गावर टाकी. बोलणाऱ्यांना पत्ताही लागत नसे. या यंत्रावर त्यांचा इतका जीव जडला की संसारही त्यांनी त्याच तत्त्वावर चालवला. घरी स्टोव्ह दोन, कंदील दोन, दूधवाले दोन. न वापरलेली वाट गंजते, म्हणून एक दिवसाआड ते लांबच्या रस्त्यानं ऑफिसला जात. बदल मात्र आपोआप व्हायला हवा. "माणूस विचारत बसला की वेळ जाते, भाऊ," ते मला सांगत. "मग माझ्या जागी कोणती पाहून ठेवली जी?" त्यांच्या पत्नी आतून विचारत. यावर ते चष्मा पुसत.

एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं, ते खापा गावच्या मुलाशी. वऱ्हाड आणायला त्यांनी बस केली आणि तिच्यामागे दुसरी, रिकामी. पुढची थांबली की मागचीनं माणसं उचलायची. पुढची सुरू झाली की माणसं परत तिच्यात. वाटेत पाटणसावंगीला पुढची बस चहासाठी थांबली. मागच्या ड्रायव्हरनं हुकमाप्रमाणे वऱ्हाडी भरायला सुरुवात केली. तेवढ्यात पुढच्यानं भोंगा वाजवला, तसे निम्मे उतरून परत गेले. नवरदेव तेव्हा हॉटेलामागे फेटा सारखा करत होता. तो दुसऱ्या गाडीत आहे, असं दोन्ही गाड्यांनी गृहीत धरलं.

दोन्ही बसेस मांडवासमोर वेळेवर उभ्या राहिल्या. "माहा पोरगा कुठी हाय?" वरमाईनं विचारलं. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. "साहेबांनंच सांगतलं होतं," मागच्या बसचा ड्रायव्हर म्हणाला, "गाडी थांबली का मानसं घ्याची, इचाराचं नाही." मांडवात कुजबुज सुरू झाली, "नवरदेव पळाला वं!" आत मुलगी मुंडावळ्या बांधून बसली होती, तिच्या कानावर ते गेलं. शेजाऱ्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मुहूर्त टळला.

मग संत्र्यांचा ट्रक आला. पेट्यांवर नवरदेव बसला होता. "ह्यो माल तुमचाच ना जी?" ट्रकवाल्यानं विचारलं. वरमाई मुहूर्तावर अडून बसली. भटजी अर्थातच दोन होते आणि दोघांची पंचांगं निराळी. दुसऱ्यांच्या पंचांगाप्रमाणे मुहूर्ताला अजून अवकाश होता. पहिल्यांनी नाक मुरडलं, दुसऱ्यांनी मंगलाष्टक उचललं, आणि लग्न लागलं. शेजाऱ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे सगळं योजूनच केलं होतं.

दुपारी पाठवणी झाली. वऱ्हाड एकाच बसमध्ये बसलं. दुसरीचं नाव काढायला कोणी तयार नव्हतं. मुलीच्या बापानं पाठोपाठ सासरी जायचं नसतं. पण धूळ खाली बसायच्या आत शेजारी रिकाम्या बसमध्ये चढले आणि मलाही त्यांनी ओढून घेतलं.

"काहून?" मी विचारलं.

"पुढची बंद पडली तर?"

वाटभर ते पुढच्या बसच्या मागच्या काचेकडे पाहत होते. काचेत मुलीच्या हिरव्या शालूचं टोक दिसे, कधी नुसतीच डोकी. खाप्याची घरं दिसू लागली तशी त्यांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडी वळवायला लावली.



"पुढची एकदाही बंद पडली नाही, भाऊ," ते म्हणाले. तक्रार केल्यासारखे.